लहान शहरात नव्याने राहायला आलात? नगरपरिषदेचा कारभार समजून घ्या आणि काम करून घ्या

पाच वर्षांपूर्वी आम्ही महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी घर घेतलं. घरपट्टीच्या रजिस्टरवर नाव लावायला मला चार महिने लागले. त्यातले साडेतीन महिने मी चुकीच्या माणसांना भेटत होतो. नगरसेवक म्हणाले, "करून देतो." कर विभागातले लिपिक म्हणाले, "साहेबांची सही बाकी आहे." साहेब कोण, ते कुठे बसतात आणि माझा कागद नेमका कुठे आहे, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. पुढे हळूहळू कारभाराची रचना कळत गेली आणि तेव्हापासून माझं एकही काम तसं रखडलं नाही. नव्याने आलेल्या प्रत्येकाला हे पहिल्याच आठवड्यात कळायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

खाली लिहिलेलं सगळं महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना लागू आहे. महानगरपालिकेचे कायदे आणि पदं वेगळी असतात.

१. तुमच्या शहरात नेमकं काय आहे ते बघा

बोलताना सगळेच "नगरपालिका" किंवा नुसतं "पालिका" म्हणतात. कायद्यातलं नाव नगरपरिषद. १९९३ साली लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरी स्थानिक संस्थांचे तीन प्रकार केले. गावाचं शहर होत असलेल्या भागाला नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद आणि मोठ्या शहराला महानगरपालिका. पहिल्या दोघींचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या एकाच कायद्याने चालतो.

नगरपरिषदांचे लोकसंख्येप्रमाणे वर्ग आहेत. एक लाखाच्या वर 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाख 'ब' वर्ग आणि त्याखाली 'क' वर्ग. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी, पन्हाळा ही गावं लोकसंख्येने लहान, पण थंड हवेची ठिकाणं म्हणून तिथे गिरिस्थान नगरपरिषदा आहेत. वर्गावर बरंच अवलंबून असतं. 'अ' वर्गात प्रत्येक विभागाला वेगळा अधिकारी दिसेल. 'क' वर्गात आणि नगरपंचायतीत एकच माणूस तीन टेबलं सांभाळतो, त्यामुळे तो रजेवर गेला की तीन कामं थांबतात. जायच्या आधी फोन करून तो आहे का, हे विचारून घ्या.

तुमचं घर शहराच्या कडेला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: ते खरोखर हद्दीत आहे का? पाटीवर शहराचं नाव असतं, पत्त्यात पिनकोडही शहराचाच असतो, आणि प्लॉट मात्र शेजारच्या ग्रामपंचायतीत निघतो. घराची कर पावती बघा. तिच्यावर ज्या संस्थेचं नाव आहे, तिच्याकडेच तुमची कामं.

२. दोन खुर्च्यांमधला फरक ओळखा

माझे साडेतीन महिने हा फरक न कळल्यामुळेच गेले, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

पहिली खुर्ची नगराध्यक्षांची. सध्याच्या नियमाप्रमाणे त्यांना मतदार थेट निवडून देतात. मधल्या काळात हा नियम बदलत राहिला. काही वेळा नगरसेवकांनी आपल्यातून अध्यक्ष निवडला, काही वेळा थेट निवडणूक झाली. नगराध्यक्ष सभेचं अध्यक्षपद भूषवतात आणि कारभारावर देखरेख ठेवतात. शहरात कोणती कामं आधी घ्यायची, याची दिशा बहुतेक वेळा तेच ठरवतात.

दुसरी खुर्ची मुख्याधिकाऱ्यांची. हे राज्य शासनाचे अधिकारी असतात, त्यांची नेमणूक आणि बदली शासन करतं. संपूर्ण प्रशासन त्यांच्या हाताखाली चालतं. परवानगी, नोटीस, कामाचा आदेश आणि बहुतेक दाखले त्यांच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने निघतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा: नवा रस्ता, गटार, बाग, गल्लीतले दिवे हा धोरणाचा आणि पैशाचा प्रश्न असतो. त्याला सभागृहाचा ठराव लागतो, म्हणून तिथे नगरसेवक आणि नगराध्यक्ष महत्त्वाचे. नाव नोंद, दाखला, नळजोड, बांधकाम परवानगी हे नियमाने ठरलेलं काम आहे. कागद पूर्ण असतील तर त्याला कुणाच्या शब्दाची गरज नाही. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने द्यायचा आणि संबंधित विभागात पाठपुरावा करायचा. मी नाव नोंदीसाठी नगरसेवकांच्या घरी पाच वेळा गेलो. त्यांनी मनापासून फोनही केले. पण माझा अर्जच रीतसर दाखल झालेला नव्हता, त्यामुळे त्या फोनवर कुणी काही करू शकत नव्हतं.

मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही, तर शासन प्रशासक नेमतं. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांनी डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांआधी काही वर्षं अशीच काढली. त्या काळात सभागृहाचे अधिकारही प्रशासकाकडे जातात. जुनी कागदपत्रं चाळताना "प्रशासकीय ठराव" असे शब्द दिसले तर ते त्या काळातले समजा.

३. आपला प्रभाग शोधा

शहराचे प्रभाग केलेले असतात. नगरपरिषदेत साधारणपणे एका प्रभागातून दोन सदस्य निवडून येतात, काही ठिकाणी तीन. नगरपंचायतीत सतरा प्रभाग आणि प्रत्येकातून एक. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात आणि मुदत पाच वर्षांची. याशिवाय काही स्वीकृत सदस्य नेमले जातात. ते सभेत बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

प्रभाग क्रमांक कर पावतीवर सापडेल असं समजू नका. पावतीवर कर आकारणीसाठी केलेला वॉर्ड किंवा झोन असतो आणि तो निवडणुकीच्या प्रभागापेक्षा वेगळा असू शकतो. प्रभागाचा नकाशा कार्यालयात बघायला मिळतो.

पालिकेसाठी वेगळी मतदारयादी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय विभागून वापरतात. म्हणजे मतदार म्हणून नाव जुन्या गावीच राहिलं तर इथे नगरसेवक निवडताना तुम्हाला मत नाही. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरा, आणि हे निवडणूक जाहीर व्हायच्या बरंच आधी करा.

दोन सदस्यांच्या प्रभागात दोघांनाही भेटा. एकाकडे काम सांगितलं की दुसऱ्याला ते कळत नाही, आणि ते वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर मुळीच नाही.

४. ठराव कसा होतो ते समजून घ्या

सर्वसाधारण सभा म्हणजे शहराचं सभागृह. तिच्याखाली स्थायी समिती आणि विषय समित्या असतात: सार्वजनिक बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिःसारण, स्वच्छता व आरोग्य, शिक्षण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण. लहान शहरांत समित्या कमी असू शकतात.

एखाद्या गटाराची मागणी केली की तिचा प्रवास साधारण असा होतो. अर्ज बांधकाम विभागात जातो. अभियंता जागा बघून अंदाजपत्रक करतो. निधी कोणत्या शीर्षाखाली आहे, हे लेखा विभाग सांगतो. विषय सभेच्या विषयपत्रिकेवर येतो, ठराव होतो, तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी मिळते, निविदा निघते आणि मग कार्यादेश. "ठराव झाला" म्हणजे काम उद्या सुरू होईल, असं धरून चालू नका. कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारा: अंदाजपत्रक झालं का, निधी कोणता, निविदा कधी? असे नेमके प्रश्न विचारणाऱ्याला नेमकी उत्तरं मिळतात, हा माझा अनुभव आहे.

पैसा कुठून येतो, हेही माहीत असू द्या. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली. तेव्हापासून घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार फी आणि विकास शुल्क हे स्वतःचं उत्पन्न; बाकी शासनाचं अनुदान आणि योजनांचा निधी. योजनेचा निधी ज्या कामासाठी आला त्याच कामाला वापरावा लागतो. त्यामुळे एका बाजूला बाग होते आणि तुमच्या गल्लीतल्या गटाराला पैसे नसतात. पुढच्या वर्षात काम हवं असेल तर मागणी दिवाळीच्या आसपास लेखी द्या, कारण अर्थसंकल्पाची तयारी त्यानंतर सुरू होते. मार्चमध्ये दिलेली मागणी बहुधा एक वर्ष मागे पडते.

५. कोणत्या टेबलावर जायचं

- आवक-जावक (टपाल): प्रत्येक अर्ज आधी इथे.
- कर विभाग: घरपट्टी, नाव नोंद, असेसमेंट उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला.
- पाणीपुरवठा: नळजोड, पाणीपट्टी, गळती. पाणी कमी येत असेल तर अर्जाआधी तुमच्या भागाच्या व्हॉल्व्हमनशी बोला. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडतो, हे त्यालाच माहीत असतं.
- आरोग्य व स्वच्छता: कचरा, नाली, डास फवारणी, मेलेलं जनावर उचलणं. इथे स्वच्छता निरीक्षक आणि त्यांच्या हाताखालचे मुकादम. गल्लीच्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा.
- बांधकाम व नगररचना: रस्ते, गटारं, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, झोन दाखला, भाग नकाशा.
- विद्युत: रस्त्यावरचे दिवे. तक्रारीत खांबाचा क्रमांक लिहा.
- जन्म-मृत्यू व विवाह नोंदणी.
- लेखा, अग्निशमन, आस्थापना: नागरिकाला क्वचित लागणारे.

कोणतं टेबल हे कळेना झालं, तर कार्यालय अधीक्षकांना विचारा. कार्यालयात कोणता कागद कुठे फिरतो आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

६. जे काम पालिकेचं नाहीच, त्यासाठी तिथे थांबू नका

नवीन माणसाचे सर्वात जास्त हेलपाटे इथे होतात.

घराच्या मालकीचा पुरावा पालिकेकडे नसतो. असेसमेंट उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा समज फार खोलवर आहे. तो उतारा कर कुणाकडून घ्यायचा, एवढंच सांगतो. मालकीची नोंद नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रकावर असते, ते भूमी अभिलेख कार्यालयात. भूमापन न झालेल्या भागात सातबारा, तो महसूल विभागाकडे. खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवतात. म्हणजे एका घराच्या नावासाठी तीन स्वतंत्र कार्यालयं. एकात नाव लागलं म्हणून दुसऱ्यात आपोआप लागेल, असं गृहीत धरू नका.

विजेचं मीटर आणि तारा महावितरणच्या. शहरातून जाणारा मोठा रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असतो. त्यावरच्या खड्ड्याची तक्रार पालिकेत दिली तर ती तिथेच पडून राहते. काही शहरांत पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. पाणीपट्टीच्या बिलावर कुणाचं नाव आहे, ते बघा. रेशनकार्ड, उत्पन्न आणि अधिवास दाखला तहसीलमध्ये. दुकानाची शॉप ॲक्ट नोंदणी कामगार विभागाकडे. खाद्यपदार्थाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडे.

७. घर घेतलं असेल तर हे क्रमाने करा

शक्य असेल तर सुरुवात खरेदीच्या आधीच करा. विकणाऱ्याकडून थकबाकी नसल्याचा दाखला मागा, घरपट्टी आणि पाणीपट्टी दोन्हींचा. कराचा बोजा मालमत्तेवर असतो. जुन्या मालकाची थकबाकी तुमच्या बिलावर व्याजासकट येते आणि ती भरल्याशिवाय नाव लागत नाही. माझ्या बाबतीत सात वर्षांची पाणीपट्टी निघाली. नळ बंद होता, पण जोड कागदावर चालूच होता.

त्याच वेळी भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. शहराच्या विकास योजनेत प्लॉटवर रस्ता किंवा आरक्षण आहे का, ते त्यात दिसतं. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. "घरपट्टी लागते म्हणजे बांधकाम अधिकृत" हे खरं नाही. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, वर शास्ती म्हणजे दंड लागू शकतो, आणि कर भरल्याने ते अधिकृत होत नाही.

खरेदीनंतर नाव नोंदीसाठी साधारण हे कागद लागतात:

- मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज (बऱ्याच ठिकाणी छापील नमुना मिळतो)
- नोंदणीकृत खरेदीखताची प्रत आणि सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे खरेदी नोंदीचा उतारा)
- मालमत्ता पत्रक किंवा सातबारा
- जुना असेसमेंट उतारा
- चालू वर्षाच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या
- घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि फोटो

वारसाने आलेलं घर असेल तर खरेदीखताऐवजी मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती. एखादा वारस हक्क सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं.

नळजोडावरचं नाव वेगळ्या अर्जाने बदलावं लागतं. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या.

दर चार वर्षांनी कराची फेरआकारणी होते, तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. तेव्हा घरी नोटीस येते आणि हरकतीसाठी मुदत असते. नोटिशीतलं क्षेत्रफळ आणि वापर, म्हणजे निवासी की व्यापारी, स्वतः ताडून बघा. आमच्या शेजाऱ्यांच्या पार्किंगला दुकानाचा दर लागला होता. त्यांनी मुदतीत हरकत घेतली, सुनावणीला फोटो नेले आणि आकारणी दुरुस्त झाली. मुदत टळली असती तर अपिलात जावं लागलं असतं, आणि अपिलासाठी आधी कर भरावा लागतो.

८. जन्म आणि मृत्यूची नोंद

नोंद जिथे घटना घडली तिथे होते, तुम्ही राहता तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर बाळाची नोंद माहेरच्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत असते. दाखला तिथूनच काढायचा. आपल्या पालिकेत कितीही शोधलं तरी तो सापडणार नाही.

एकवीस दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. जन्म-मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची. घरी झाला असेल तर कुटुंबाची. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, वर्षाच्या आत वरिष्ठांची परवानगी लागते आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्काने. दाखला हातात पडला की काउंटर सोडण्याआधी आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आणि आडनाव वाचा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी हाच दाखला शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा आहे, त्यातली चूक पुढे प्रत्येक कागदावर जाईल.

९. अर्ज कसा द्यायचा

एका अर्जात एकच विषय. वर दिनांक, मग "प्रति, मा. मुख्याधिकारी", विषय एका ओळीत, मालमत्ता क्रमांक, पूर्ण पत्ता, मोबाईल. खाली जोडलेल्या कागदांची यादी. पाणी आणि दिवा एकाच अर्जात लिहिलेत तर तो अर्ज एका विभागात जाईल आणि दुसरी तक्रार तिथेच संपेल.

अर्ज दोन प्रतींत करा. आवक टेबलावर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. ही पोच म्हणजे तुमचा अर्ज अस्तित्वात असल्याचा एकमेव पुरावा आहे. "ठेवून जा, बघतो" असं कुणी म्हणालं तरी नम्रपणे पोच मागा. माझा पहिला अर्ज असाच एका टेबलावर ठेवला होता आणि तो पुन्हा कधीच दिसला नाही. एक वही करा: तारीख, आवक क्रमांक, विषय, कुणाशी बोललात. दुसऱ्या खेपेला "माझं काम काय झालं?" याऐवजी "आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक" असं विचारलं की बोलणं लगेच कामाचं होतं.

तिथली माणसं कमी आहेत आणि कामं खूप. त्यांच्याशी आवाज चढवून मला कधी काही मिळालं नाही. पूर्ण कागद घेऊन गेल्यावर मात्र अनेकांनी आपणहून मदत केली.

१०. काम अडलं तर

आधी विभागप्रमुख, मग मुख्याधिकारी. भेटायला जाताना पोचेची झेरॉक्स न्या.

सेवा लोकसेवा हक्काच्या यादीत असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे ती ठरलेल्या दिवसांत मिळायला हवी. कोणती सेवा, किती दिवसांत आणि पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) कोण, याचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. मुदत गेली की पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज केला असेल तर मुदत कधी संपते, ते तिथेच दिसतं.

फाईल कुठे अडली हे कळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. "काम का झालं नाही?" असं विचारू नका, कारण 'का' याचं उत्तर देणं बंधनकारक नाही. असं लिहा: "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावरील टिप्पणी आणि शेऱ्यांच्या प्रती मिळाव्यात." तीस दिवसांत उत्तर यायला हवं; नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या तीस दिवसांत अपील.

त्यावर जिल्हाधिकारी कार्यालय. तिथे नगर प्रशासनाची वेगळी शाखा असते आणि जिल्ह्यातल्या सगळ्या नगरपरिषदांवर तिची नजर असते. एखादा ठराव बेकायदा वाटत असेल तर १९६५ च्या कायद्यातल्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्यासाठी ठरावाची प्रत आणि नेमकी हरकत लेखी द्यावी लागते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस असतो. त्यात आयत्या वेळी जाऊन चालत नाही, अर्ज आधी द्यावा लागतो, म्हणून मागच्याच महिन्यात चौकशी करा.

माझं नाव शेवटी लागलं ते नव्याने दिलेल्या अर्जावर. सगळे कागद, थकबाकीची पावती आणि पोच हातात होती, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत उतारा मिळाला. तो पहिला उतारा आणि ती पोच अजून एकाच फाईलमध्ये आहेत. नळजोडावर मात्र जुन्या मालकांचंच नाव होतं, ते पुढच्या बिलावर दिसलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा आवक टेबलासमोर उभा होतो, या वेळी दोन प्रती घेऊन.